साहेबाचं गाऱ्हाणं

आमच्या साहेबासारखे आणखी दहा-बारा इंग्रज जरी या देशात आले असते, तरी इंग्रजांचं राज्य पहिल्या वर्षीच बुडालं असतं. हा माणूस कोणाचं ऐकत नसे, कोणाला भीत नसे आणि कोणाला घाई करू देत नसे. असल्या माणसाच्या हातून राज्य काय, साधी ग्रामपंचायतसुद्धा चालली नसती. त्याला एकच गोष्ट येत असे, ती म्हणजे ट्रंपेट वाजवणं. पण तो असा वाजवी, की देवळातल्या सनईपलीकडे काही न ऐकलेली आमच्या खाडीकाठची माणसं जाळं विणता विणता हात थांबवून ऐकत बसत. लोक त्या वाद्याला बिगूल म्हणत आणि साहेबाच्या अंगाचा तिळपापड होई. "बिगूल शिपायांना उठवायला असतो. मी माणसांना बसवतो," असं तो मला ऐकवी. मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकून घेणं हे आपोआप माझं गावकीचं काम झालं होतं. माझ्या इंग्रजीबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं. तसं त्याचं कशाबद्दलच फारसं बरं मत नव्हतं.

विलायतेतल्या कुठल्याशा कोळशाच्या खाणीच्या गावात तो जन्मला, खाणकामगारांच्या बँडात ट्रंपेट शिकला आणि आगबोटीवरच्या बँडात नोकरी धरून मुंबईला उतरला. तिथल्या एका बड्या हॉटेलात साहेबलोकांच्या नाचाला तो वर्षानुवर्षं वाजवत होता. स्वराज्य आलं तसे नाचणारे गेले. मागोमाग दारूबंदी आली, नाचघरं ओस पडली, आणि हॉटेलवाल्याने एके सकाळी बँड बंद केला. यातली खरी गंमत अशी, की साहेब जन्मात दारूला शिवला नव्हता. दारूबंदीने देशोधडीला लागलेला, सोलकढी पिणारा असा माणूस दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. त्याच हॉटेलात आमच्या गावचा दाजी बॉय होता. उभी हयात त्याने बशा उचलल्या आणि 'येस सर' म्हटलं. थोरला भाऊ वारला तेव्हा देवळातला घराण्याचा मान दाजीकडे आला आणि तो नोकरी सोडून गावी यायला निघाला. निघताना ओस पडलेल्या नाचघरात साहेब एकटाच बसलेला त्याला दिसला. "चल सायबा, चार दिस हवापालट करूक," दाजी म्हणाला. साहेब आला, दाजीच्या माडांतल्या मांगरात, म्हणजे गवत-अवजारं ठेवायच्या खोपटात, उतरला आणि तिथेच राहिला. तू परत तुझ्या देशात का गेला नाहीस, असं मी एकदा त्याला विचारलं. "तिकडे आता नवी पोरं वाजवतात," एवढंच तो म्हणाला, आणि बांगडा अजून का तळला गेला नाही म्हणून दाजीच्या बायकोवर ओरडायला निघून गेला.

दिवसभर त्याच्या अंगावर एक पंचा आणि भोकं पडलेली बनियन असे. पण संध्याकाळ झाली की त्यावर तो हॉटेलातला काळा कोट चढवी, गळ्याला काळं फुलपाखरू बांधी आणि खाली पंचाच ठेवून किनाऱ्यावर उपड्या होडीवर जाऊन बसे. विजार का नाही, तर त्याचं म्हणणं, बँडमध्ये पुढे स्टँड असतो, कमरेखाली कोणी बघत नाही. समोर स्टँड नाही, हे त्याला सांगण्याची कोणाची छाती नव्हती. मग तो वाजवी. एक ओळ वाजवून थांबे. पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबे. मला वाटे, याचा दम जातो. तसं एकदा बोलून दाखवलं, तर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नंतर त्यानेच मला सांगितलं, की ती उत्तराची जागा असते. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, हेच त्याचं संगीत. हॉटेलातल्या बँडात उत्तर द्यायला माणसं होती. इथे कोणी नव्हतं, पण म्हणून ती जागा बुजवून टाकणं त्याला पाप वाटे. "सूर कोणीही वाजवील, मास्तर," तो म्हणे, "थांबतो कोण?"

त्याच्यापायी वाडीतल्या बायकांना मात्र जाच होता, आणि तो करवंटीचा. ट्रंपेटच्या तोंडावर काहीतरी धरून सूर दाबायचा, उघडायचा, अशी त्या वाजवण्याची एक तऱ्हा असते. त्यासाठी विलायतेत करून मिळणारी वस्तू इथल्या खाऱ्या हवेत कुजून गेली. साहेबाने मग नारळ धरला. कुठल्याही मागीलदारी नारळ फोडल्याचा आवाज आला, की हा कुंपणापलीकडे हजर. डोळे असलेली वाटी त्याला चालत नसे, दुसरी हवी, आणि तिची कडही सरळ फुटलेली हवी. "गो बाये, असो फोडतंत नारळ?" असं तो अस्सल मालवणीत एखाद्या सासुरवाशिणीला झापी. दाजीची बायको म्हणे, "माझ्या सासून सुद्धा माका इतक्या सतावल्यान नाय." पण काही वर्षांत आमच्या वाडीतल्या बायका नारळ असा नेमका फोडायला लागल्या, की माहेरी गेल्या तिथे त्यांचं नाव झालं. करवंटी लावली, की तो ट्रंपेट वाजत नसे, बोलत असे. कुरकुरे, विनवण्या करी, रुसून बसे. खुद्द साहेब आयुष्यात कोणापुढे विनवणी करताना दिसला नाही. त्याच्या वाट्याचं ते सगळं त्या करवंटीने केलं.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. जत्रेला देवापुढे उभं राहून मानकऱ्याने गावाच्या वतीने एक-एक मागणं मोठ्याने मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. हा मान दाजीच्या घराण्याचा. साहेब ते ऐकायला सभामंडपाबाहेर, दीपमाळेपाशी ट्रंपेट काखेत धरून अनवाणी उभा राही. 'होय म्हाराजा'वर त्याचा फार जीव. आपला बँड इथे येऊन देवाच्या नोकरीला लागला आहे, असं तो म्हणे. एका वर्षी पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून वरची वाडी आणि खालची वाडी यांचं वाजलं. दोन्हीकडचे लोक मंडपात आले, पण आधी त्यांनी तोंड उघडावं, मग आम्ही उघडू, असं दोन्ही बाजूंचं ठरलेलं. दाजीने हात जोडून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, गावात जी काय इडापिडा आसात, ती भायर काढ रे म्हाराजा!" पुढे सगळी शांतता. दाजीने पुन्हा म्हटलं. पुन्हा शांतता. देवापुढे एवढी माणसं आणि एकाच्याही तोंडून होकार निघू नये, याने दाजीचा आवाज कापायला लागला. तेवढ्यात दीपमाळेपाशी करवंटी हलली आणि ट्रंपेटमधून हुबेहूब 'होय म्हाराजा' आलं. आधी पोरं हसली, मग बायका, आणि मग दोन्ही वाड्यांनी लाजेकाजेने तोंडं उघडली. दुसऱ्या वर्षी काहींनी कुरकूर केली, परक्याचं वाद्य देवाला कसं चालेल म्हणून. देवाला कौल लावला. देवाने उजवा, होकाराचा कौल दिला. देव आमच्या लोकांपेक्षा नेहमीच समजूतदार होता. तेव्हापासून गाऱ्हाण्याला माणसांनी होय म्हटलं, की मागून ट्रंपेटने होय म्हणावं, असा प्रघात पडला.

हे सगळं गमतीचं झालं. साहेबाच्या मनात एक गोष्ट मात्र सलत होती आणि ती गमतीची नव्हती. एवढी वर्षं वाजवून त्याची एकही तबकडी निघालेली नव्हती. लोक त्याच्या सुरांवर नाचले, जेवले, त्यांची लग्नं जमली, मोडली, आणि तो सूर कोणीही ठेवून घेतला नाही. "सुतार मेला तर निदान खुर्ची राहते," तो म्हणे. एक तबकडी मागे राहावी, त्याच्या पद्धतीची, उत्तराच्या जागेसकट, एवढीच त्याची इच्छा होती. हे तो मला अनेकदा बोलून दाखवी आणि नंतर, आपण बोललो याचा राग माझ्यावर काढी.

गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या हिवाळ्यात मुंबईची काही वाजवणारी पोरं तिकडून परतताना बांद्यावरून मालवणात आली आणि साहेबाचं नाव कानावर पडून आमच्या वाडीत येऊन थडकली. तंग विजारी, काळे चष्मे. त्यांच्यातला पुढारी पियानो वाजवणारा होता. लहानपणी बापाबरोबर हॉटेलच्या मागच्या दाराशी उभं राहून त्याने साहेबाला ऐकलं होतं म्हणे. तो साहेबाच्या पाया पडला. "तुमच्यामुळे आम्ही या वाटेला लागलो, सर. आमच्या तबकडीत तुम्ही वाजवलंच पाहिजे," असं म्हणाला. साहेबाने त्याला तीन वेळा हाकलून लावलं आणि ती पोरं गेल्यावर मांगरात जाऊन कोटाला स्वतःच्या हाताने इस्त्री केली. मुंबईला निघताना त्याने दाजीच्या बायकोकडून एक निवडक करवंटी मागून घेतली. देताना त्या माउलीने तिची कड पदराने पुसून दिली. मालवणहून बोटीने आम्ही तिघे निघालो: साहेब, दुभाषा म्हणून मी, आणि दाजी. दाजी कशाला, असं कोणी विचारलं नाही. साहेबाला वेळच्या वेळी जेवायला घालणारा दुसरा होता कोण?

त्या पोरांचा मला आजही राग येतो, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही. त्यांना वाजवता येत नव्हतं असं नाही. तबकडी भरायच्या स्टुडिओत ती फार वाजवत होती. पावसात पत्र्यावर आवाज यावा तसा सुरांचा मारा, आणि कोणी कोणाचं ऐकेना. साहेबाने आपली ओळ वाजवून जागा सोडली, की तिथे ढोल घुसे, पियानो घुसे, शेजारचा सॅक्सोफोन घुसे. साहेब थांबे. पुन्हा सुरू. पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "मी विचारतोय. उत्तर द्या, नाहीतर निदान गप्प बसा." पियानोवाला हसून म्हणाला, "सर, आता तसं कोणी वाजवत नाही." फार गोड बोलत होती ती पोरं. पाया पडत होती, खुर्ची देत होती, सर सर करत होती. फक्त जागा तेवढी देत नव्हती. करवंटी बाहेर काढली तेव्हा सगळे हसले आणि एकाने साहेबाला ती धरायला लावून फोटो काढला. साहेब फोटोसाठी उभा राहिला, हे मला पाहवलं नाही. तबकडीसाठी तो माणूस काय काय गिळायला तयार झाला होता!

अखेर, त्याचं मन राखायचं म्हणून असेल, दिवसाच्या शेवटी एक संथ तुकडा त्याच्या पद्धतीने घ्यायचं ठरलं. दाराशी स्टुलावर दाजी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता, मी त्याच्या शेजारी. लाल दिवा लागला. साहेबाने करवंटी लावली आणि पहिली ओळ वाजवली. मी त्याला इतकी वर्षं ऐकत होतो, पण ते वाजवणं वेगळं होतं. खाणीतलं गाव, बोट, ओस पडलेलं नाचघर, आमचा किनारा, सगळं त्यात होतं. ओळ संपली, जागा आली. पोरं गोंधळली. घुसायची तर त्यांना मनाई होती आणि उत्तर द्यायचं ठाऊक नव्हतं. जागा रिकामी गेली. दुसरी ओळ, ती आणखी कळवळून आलेली. पुन्हा कोणी हललं नाही. तिसऱ्या ओळीला ट्रंपेटने अगदी पदर पसरला, आणि शेजारी दाजीचे हात आपोआप जोडले गेले. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "होय म्हाराजा!"

देवापुढे कोणी मागत असेल आणि कोणीच होय म्हणत नसेल, तर आमच्या गावचा माणूस दुसरं करणार काय? साहेबाने डोळे उघडले नाहीत. पण त्याचे खांदे खाली आले, आणि पुढची ओळ त्याने दाजीला विचारली. दाजीने उत्तर दिलं. शेवटपर्यंत ते दोघे असेच मागत आणि देत राहिले. दिवा विझला तसा हशा पिकला. ढोलवाला तर जमिनीवर बसून हसत होता. काचेपलीकडचा यंत्रवाला संतापून बाहेर आला. तुकडा वाया गेला, दुसऱ्यांची वेळ सुरू होते आहे, आता पुन्हा घेता येणार नाही, असं म्हणाला. हीच टेप पुसून आता दुसऱ्यांसाठी लावणार होते. साहेबाने ती पुसण्याआधी एकदा ऐकवायला सांगितली. त्याने भिंतीकडे तोंड करून उभ्याने ती ऐकली. मग यंत्रवाल्याने ती उलटी फिरवली आणि पुसून टाकली.

परतीच्या बोटीवर दाजीने पाण्याचा घोटही घेतला नाही. "मास्तरानू, तेची जल्माची आशा मी माझ्या तोंडान घालवलंय," एवढं एकच वाक्य तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. साहेब कठड्याशी उभा होता. बऱ्याच वेळाने तो आला आणि दाजीच्या शेजारी डेकवर बसला. म्हणाला, "दाजी, थंय माझ्या बँडात तू एकलोच होतस." दाजीला ते पटलं नाही. उलट तो अधिकच रडायला लागला.

पुढे त्या पोरांची तबकडी आली. गावात फोनो एकट्या शिंप्याकडे होता, जुना, चावीचा. शिंप्याने दुकान झाडून पताका लावल्या, साहेबाला हार घातला, आणि सगळी वाडी दाटीवाटीने ऐकायला बसली. ती नव्या तऱ्हेची, सावकाश फिरणारी तबकडी होती आणि शिंप्याचा फोनो फिरे भरभर. सुई तर खिळ्यासारखी जाड. त्यामुळे ती आधीच धावणारी पोरं दुप्पट धावायला लागली आणि खोलीभर नुसता चिवचिवाट झाला. साहेबाच्या ते पहिल्या क्षणी लक्षात आलं असणार, पण तो हार घालून मुकाट बसून राहिला. लोकांना काही वावगं वाटलं नाही. मुंबईत हल्ली असंच वाजवत असतील, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकटा दाजी पुढे सरकून भोंग्याला कान लावून बसला होता. "सायबाचा खंय आसा रे ह्याच्यात?" त्याने विचारलं. तोवर त्या सुईने तबकडी खरवडून काढली होती आणि नंतर ती पुन्हा कधी वाजली नाही. "लवकर संपली, बरं झालं," साहेब मला इंग्रजीत म्हणाला. त्याने हार काढून शिंप्याच्या यंत्राला घातला आणि तो घरी गेला.

त्या जत्रेला दाजीने गाऱ्हाणं घालायचं नाकारलं. माझं तोंड अपशकुनी, म्हणाला. पुतण्याने घातलं. साहेब देवळाकडे फिरकला नाही. मी समजावायला गेलो तर माझ्यावरच भडकला, "मी दाजीला उत्तर देतो, मास्तर. कोणालाही नाही." पुढच्या वर्षी जत्रेच्या संध्याकाळी काळा कोट आणि खाली पंचा अशा थाटात तो दाजीच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, उठ. माका वाजवूचा आसा." दाजी उठला. त्या वर्षीचं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं, ते अजून त्याबद्दल बोलतात. साहेबासाठी ते शेवटचं ठरलं. पावसाळ्यात साहेबाला ताप भरला आणि त्यातून तो उठला नाही. त्याच्या उशाशी ट्रंपेट होता आणि करवंट्यांची एक चळत होती. त्यातली एक दाजीच्या बायकोने ठेवून घेतली. तिने ती पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवली आहे, आणि त्या करवंटीला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला चालत नाही.

साहेबाचा सूर आता कुठेही राहिलेला नाही. त्याला जी भीती होती तेच झालं, यात गोड करून सांगण्यासारखं काही नाही. मुंबईची ती पोरं पुढे मोठी झाली असं ऐकतो. त्यांच्या तबकडीवरच्या फोटोत करवंटी धरलेला म्हातारा कोण, हे त्यांना तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. आमच्याकडे मात्र जत्रेला दाजी गाऱ्हाणं घालतो. आता त्याचा आवाज बसला आहे. मुंबईच्या चाकरमान्यांसाठी मागून झालं, की तो म्हणतो, "आणि म्हाराजा, जो परक्या मुलखातसून इलो आणि हय रवलो, तेका तुझ्या पायाशी जागो दी रे म्हाराजा!" दोन्ही वाड्या 'होय म्हाराजा' म्हणतात. मग दाजी गप्प उभा राहतो, एक ओळ वाजून व्हावी इतका वेळ. सुट्टीला आलेल्या नव्या पोरांना वाटतं, म्हातारा विसरला. ती पुढचे शब्द सांगायला जातात आणि जुनी माणसं त्यांना गप्प करतात. दीपमाळेपाशी कोणी नसतं. तिथून उत्तर येणार नाही, हे दाजीला ठाऊक आहे. तरी तो थांबतो.